लगेच निघणारं वडाप

कराड-पाटण भागात ‘कसा आलास?’ याला ‘वडापनं’ एवढं उत्तर पुरतं. जीप होती, ट्रॅक्स होती की टमटम, हे कुणी विचारत नाही. माणसं कोंबून नेईल ते वडाप. मराठवाड्यात हीच सोय काळी-पिवळी या नावानं धावते. आमच्याकडे धंद्याचं नावही तेच. ‘पोरगा काय करतो?’ ‘वडाप करतो.’ १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या भाषेत ही टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत माणसं चढवत-उतरवत नेणं, आणि तिचा परवाना सहसा यांच्याकडे नसतो. एसटी स्टँडपासून २०० मीटरच्या आत खासगी प्रवासी गाड्यांना मनाई आहे. त्यामुळे वडाप शोधत फिरावं लागत नाही. मनाईचा फलक दिसला की त्याच्या बुडाशी बघायचं.

“पाटण, पाटण, लगेच!”

‘लगेच’ म्हणजे गाडी भरली की. आत डोकावलं तर बरीच माणसं दिसतात. आपण खूश होऊन चढतो आणि मग कळतं, निम्मे ड्रायव्हरचे दोस्त. गाडी भरलेली वाटावी म्हणून बसवलेले. खरी गिऱ्हाइकं येतील तसे ते एकेक करून उतरतात आणि मागच्या गाडीत जाऊन बसतात. आमच्या तालुक्यात प्रवास न करता प्रवासी म्हणून नाव काढलेली मंडळी आहेत.

आणि भरली कधी म्हणायचं? आरसी बुकातला आसनांचा आकडा म्हणजे नुसती बोहनी.

मला पुढची सीट मिळाली. पुढं बसायला मिळणं हा मान असतो, फक्त गिअरचा दांडा तुमच्या दोन गुडघ्यांमध्ये येतो. ड्रायव्हर स्वतः निम्मा दाराबाहेर. “पावणं, पाय घ्या की वाईच, थर्ड पडंना.” पाय घ्यायला जागा नव्हती, म्हणून मल्हारपेठेपर्यंत आम्ही सेकंडवरच गेलो. शिवाय मांडीवर शेजारच्या मावशींचं दळण, गिरणीतून नुकतंच निघालेलं, गरम. “सांडू नका हां दादा,” एवढं बजावून मावशी निवांत झोपल्या.

तेवढ्यात मागून एसटी आली आणि हॉर्न देत पुढं गेली. खिडक्यांतून रिकामी बाकडी दिसत होती.

“बघा,” ड्रायव्हर हळहळला, “कोण बसतंय का तिच्यात?”