‘शाळा संध्याकाळी उघडाल तर वाटोळं होईल’ म्हणणाऱ्यांना

व्हॉट्सॲपवर एक मेसेज गावोगाव फिरतोय. झेडपीची शाळा सुटल्यावर गावासाठी उघडी ठेवली, तर दारूचे अड्डे बसतील, शिक्षकांवर आणखी एक काम पडेल, वीजबिल शाळेच्या माथी येईल. शाळा फक्त मुलांची, पाचला कुलूप लागलंच पाहिजे. लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात. तरी तो पटण्यासारखा नाही.

दारूचंच घ्या. पाचला कुलूप लागणाऱ्या शाळेच्या व्हरांड्यात सोमवारी परिपाठाआधी काय सापडतं, ते तिथल्या शिक्षकांना विचारा. क्वार्टरच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, फाटके पत्ते. ते वेचतात कोण, तर बहुतेक वेळा पोरंच. कुलूप वर्गाला असतं, व्हरांड्याला नाही. कंपाउंडवरून उडी मारणाऱ्याला अंधार आणि शुकशुकाट हवा असतो. तिथेच दिवे लागले, दहावीच्या मुली अभ्यासाला बसल्या, शेजारच्या वर्गात बचत गटाची बैठक भरली, तर बाटली घेऊन यायची हिंमत कोण करेल?

शिक्षकांवर काम टाकायचा प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. संध्याकाळची किल्ली समितीकडे राहू द्या.

वीजबिलाचा मुद्दा मात्र खरा आहे. बिल थकलं म्हणून झेडपी शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, तेव्हा शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून हा खर्च जाता कामा नये. पण खर्च तरी किती? वीस वॅटच्या चार एलईडी ट्यूब आणि दोन साधे पंखे तीन तास चालले, तरी एक युनिट भरत नाही. सबमीटर बसवावा, बिल ग्रामपंचायतीने भरावं.

आणि शाळा फक्त मुलांची कधीपासून झाली? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत दिवसभर राबणारी मुलं आजही महापालिका शाळांच्या इमारतींत रात्रशाळेला बसतात. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडची पूरग्रस्त कुटुंबं शाळांमध्येच राहिली. मतदानाला आपण सगळे तिथेच जातो. शाळेच्या वेळेनंतर इमारत समाजाच्या उपयोगी पडावी, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटलं आहे.

लग्नं, वाढदिवस, पक्षांचे मेळावे यांना मात्र साफ नकार हवा. डीजे एकदा आत शिरला की अभ्यासिका संपलीच. म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्यात स्पष्ट लिहा: किल्ली कुणाच्या नावावर, किती वाजेपर्यंत, कोणते वर्ग, बाक मोडला तर भरपाई कोण देणार, आणि सकाळी वर्ग झाडलेला मिळेल याची जबाबदारी कुणाची.