तुमच्या स्वीडनमध्ये तर…

"तुमच्या स्वीडनमध्ये तर नोट बघायलाही मिळत नाही!" गोरेगावच्या भावोजींनी फॅमिली ग्रुपवर टाकलं. विषय लोकलच्या तिकीट खिडक्यांचा. मोबाइलवर तिकीट निघतंय, मग खिडक्या हव्यात कशाला? ज्यांना जमत नाही त्यांनी शिकावं. खाली लगेच तीन अंगठे.

मला झोंबला तो स्वीडनचा दाखला. चौदा वर्षं इथे मी राहतोय, दाखला द्यायचा तर मी देईन!

पैसे द्यायला स्विश आणि ओळख पटवायला बँकआयडी, ही मोबाइल ॲप्स मीही दिवसातून दहादा वापरतो. पण पर्सननंबर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, हातात येईपर्यंत स्टॉकहोममध्ये मी असून नसल्यासारखा होतो, हे भावोजींना कधी कळू दिलं नाही. (तेव्हा ग्रुपवर फक्त बर्फाचे फोटो टाकायचो.) आणि याच स्वीडनने नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघरी पत्रक धाडलं: संकट किंवा युद्ध आलं तर किमान आठवडाभर पुरेल एवढी रोकड जवळ ठेवा. कोपऱ्यावरचा कॅफेवाला ज्यांना हात लावत नाही, त्याच नोटा!

त्यापेक्षा मुंबईच शहाणी. एटीव्हीएम, म्हणजे तिकिटाची मशीनं, बसवल्यावर रेल्वेने त्यांच्याशेजारी आपलेच निवृत्त कर्मचारी उभे केले, कमिशनवर. लोक हसायचे, मशीनला माणूस कशाला? अहो, हवाच. आत्याच्या रेशन दुकानात तो नाही. जन्मभर पापड लाटून तिच्या बोटांच्या रेषा पुसल्यात, ई-पॉसवर, म्हणजे अंगठ्याच्या मशीनवर, ठसा उठत नाही. आधी "हात धुऊन या", मग "उद्या या". शिकावं म्हणजे तिने नेमकं काय शिकावं, भावोजी?

एवढं टाइप केलं आणि पुसून टाकलं. गेल्या डिसेंबरातलं दादर आठवलं. माझा भारतातला नंबर रिचार्जअभावी कधीच बंद पडलाय, आणि २०२३ मध्ये ज्या दहा देशांच्या नंबरांना यूपीआयची मुभा मिळाली त्यांत स्वीडन नव्हता. प्लाझाजवळच्या गाडीवर वडापाव घेतला, अर्धा खाल्ला आणि पाचशेची नोट काढली. "सुट्टे नाहीत, स्कॅन करा ना." फोन खिशातून काढला, उगाच बघितला, परत ठेवला. मागे रांग वाढत होती. शेजारची कोथिंबीरवालीसुद्धा स्कॅनर टांगून बसलेली.

"राहू द्या काका, उद्या द्या."

पहाटे माझं विमान होतं. "हो, उद्या देतो," म्हणालो.