खांबावरचा न्यूट्रल घट्ट करायला किती वर्षं लागतात?

रात्री अकरा वाजले की बेळगावजवळच्या आमच्या खानापुरात आमच्या गल्लीतले दिवे पांढरेफटक होतात. मीटर लावून बघितलं, २७४ व्होल्ट! यायला हवेत २३०. दहा टक्के वरखाली धरा, तरी २५३ च्या वर जायचं काय कारण? गेल्या पावसात टीव्ही गेला, मग फ्रीजचा कॉम्प्रेसर, परवा आईच्या वाफेच्या मशीनचा अडॅप्टर. दर वेळी लाइनमन येतो, खालूनच वर बघतो आणि म्हणतो, "स्टॅबिलायझर घ्या." घेतला की! तोही जळाला.

अहो, खांबावर न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, जोड सैल झालाय! वारं सुटलं की तिथं ठिणग्या उडतात, अख्ख्या गल्लीला दिसतात. न्यूट्रल सुटला की ज्या घरात लोड कमी, तिथं व्होल्टेज चढत जातं, पार ४०० च्या आसपास. हे मी तुम्हा वीजवाल्यांना शिकवायचं? तुमच्या ऑफिसात अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले. शेजारच्या पोराकडून लिहून घेतला, दिला. पोच मिळाली, माणूस नाही आला. बिल मात्र एक महिना चुकत नाही!

आज परत ढग भरून आलेत. नवं मशीन प्लगमधून काढून ठेवलंय. रात्री आईला दम लागला तर मी काय करू?