बी.एड. म्हणजे ‘सोपी डिग्री’ म्हणे

निकाल लागून प्रवेशांची धावपळ सुरू झाली की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा सारांश असा: बी.एड. ही सगळ्यांत सोपी डिग्री, अमेरिकेतल्या अभ्यासाने ते सिद्धही झालंय. बी.एड.ला कोणी नापास होत नाही. दोन वर्षं फाइली रंगवायच्या. ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतंच, आणि लहान मुलांना तर कोणीही शिकवेल.

आधी अमेरिका. अभ्यास खरा आहे. मिझुरी विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ कोरी केडेल यांनी 2011 मध्ये दाखवलं की तिथल्या विद्यापीठांत शिक्षणशास्त्र विभाग इतर विभागांपेक्षा बरेच सढळ हाताने गुण देतात, आणि विद्यार्थ्यांच्या हुशारीने त्याचा उलगडा होत नाही. पण तिथे शाळा संपली की थेट शिक्षणशास्त्रातच पदवी घेता येते. आपल्याकडे दोन वर्षांच्या बी.एड.ला बसायचं तर आधी पदवी हवी, तीही साधारणपणे किमान 50 टक्क्यांची. गोवा विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन बी.एड.ला आलेली मुलगी भौतिकशास्त्राचे तेच पेपर देऊन आलेली असते, जे तिला हसणाऱ्या तिच्या वर्गमित्राने दिले. मग ‘बी.एड. की भौतिकशास्त्र’ ही तुलना करायची तरी कशी? तिच्याकडे दोन्ही आहे.

‘कोणी नापास होत नाही’ याबद्दल मी भांडणार नाही. अंतर्गत गुण सैल हाताने दिले जातात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जुन्या फाइलींना नवं कव्हर चढतं, हेही. महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, आणि 2012 च्या त्याच्या अहवालाने शिक्षक-प्रशिक्षणाच्या दुकानदारीचे वाभाडे काढले. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) 2014 मध्ये नवे नियम केले: एका वर्षाची बी.एड. दोन वर्षांची, वर्षाला 200 दिवस काम, 20 आठवडे शाळेत इंटर्नशिप आणि तिथे 90 टक्के हजेरी. कागदावर हे कडकच आहे. ते कुठे पाळलं जातं, कुठे नाही, हे त्या त्या कॉलेजाला विचारावं. पण गुणांची खैरात होते म्हणून काम हलकं ठरत नाही.

त्या फाइलींत असतं काय, हे संदेश लिहिणाऱ्याने बहुधा पाहिलेलं नाही. सूक्ष्म अध्यापनाचं एक चक्र 36 मिनिटांचं असतं. एकच कौशल्य घ्यायचं, समजा प्रश्न विचारण्याचं. 6 मिनिटं शिकवायचं, 6 मिनिटं सहाध्यायांकडून चुका ऐकायच्या, 12 मिनिटांत पाठ नव्याने बांधायचा, पुन्हा 6 मिनिटं शिकवायचं, पुन्हा 6 मिनिटं ऐकायचं. पदवीला पेपर वाईट गेला तर तो निदान बंद पाकिटात जातो. इथे फजिती चारचौघांसमोर होते. पुढे सराव पाठ, त्यांची टाचणं म्हणजे आधी लिहून काढलेली आखणी, चाचणी काढताना संविधान तक्ता: कोणत्या घटकाला किती गुण, नुसत्या आठवणीला किती, उपयोजनाला किती. चार्ट चिकटवणं या सगळ्यात कुठेतरी असतं, नाही असं नाही.

‘विषय येतो त्याला शिकवता येतं’ हा मात्र मुळातला गैरसमज. गोव्यातला सहावीचा वर्ग घ्या. मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकलेली, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली प्रशिक्षणार्थी फळ्यावर ‘इव्हॅपोरेशन’ची व्याख्या लिहिते. मुलं ती सुरेख अक्षरात उतरवून घेतात. मग तिने आगरवाड्याच्या मिठागराबद्दल विचारावं, तिथलं पाणी जातं कुठे? उत्तर येतं, ‘जमनींत जिरता.’ व्याख्या वहीत, समज जागच्या जागी. आता काय करायचं, ते रसायनशास्त्राच्या कुठल्या पेपरात येतं? मुलं या ठिकाणी नेमकी हीच गल्लत करतात, हे आधी माहीत हवं. ती मोडायला स्टीलच्या ताटलीत मिठाचं पाणी घालून उन्हात ठेवावं लागेल, कारण ताटलीतून काही जिरत नाही, हेही सुचायला हवं. शिवाय हे सगळं तास संपण्याआधी, आणि मागच्या बाकावरचा कोकणीत काय पुटपुटतोय त्याकडे कान ठेवून. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये या ज्ञानाला वेगळी जागा दिली: विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याच्या सर्वसाधारण युक्त्या दुसऱ्या, आणि तो विषय शिकवण्यायोग्य कसा करायचा हे तिसरंच. बी.एड.ला आशययुक्त अध्यापन पद्धती म्हणून जे शिकवतात ते याच कुळातलं. ते नीट शिकवलं जातं का, हा प्रश्न रास्त आहे. संदेशवाल्याने तो विचारला असता तर मीही त्याच्या बाजूने सही केली असती.

राहिली लहान मुलं. त्यांच्यासाठी बी.एड.सुद्धा पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात म्हटलं. गणितात एम.एस्सी. आणि वर बी.एड. असली, तरी तेवढ्यावर आता दुसरीच्या वर्गावर नेमणूक मागता येत नाही. त्यासाठी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणातली पदविका लागते. ती गोव्यात पर्वरीच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत होते, दोन वर्षांची आहे.