माकडटोपी आणि केळे

गेल्या शुक्रवारी न्यू जर्सीतील एका प्राथमिक शाळेच्या फाटकावर मला एका केळ्याने अडवले. केळे माझ्यापेक्षा बरेच उंच होते. त्याच्या मध्यभागी चष्मा लावलेला, अत्यंत सभ्य असा एका बाईंचा चेहरा होता आणि हातात, आपली मुले परीक्षेला नेतात तसे, कागद अडकवलेले पॅड होते. हॅलोविननिमित्त शाळेच्या मैदानात मुलांची वेशभूषा मिरवणूक निघते आणि ती पाहायला घरच्या मंडळींना बोलावतात. मुलगा व सून दोघेही कामावर असल्याने नातीचे कौतुक करण्याची जबाबदारी माझ्यावर आली होती. ती पार पाडायला मी निघालो तेव्हा बोचरा वारा सुटलेला होता, म्हणून सौभाग्यवतींनी चिपळूणहून निघताना बॅगेत आठवणीने घातलेली तपकिरी माकडटोपी मी चढवली होती. प्रकरण एवढेच आहे.

"सर, मोठ्या माणसांना मुखवटा घालून आत जाता येणार नाही," केळे म्हणाले. "लहान मुले घाबरतात."

हा मुखवटा नसून टोपी आहे, असे मी नम्रपणे सांगितले. केळ्याने पॅडवरच्या यादीवरून बोट फिरवले आणि चेहरा किंवा चेहऱ्याचा कोणताही भाग झाकणारे आवरण प्रौढांना वर्ज्य असल्याचे वाचून दाखवले. माझा चेहरा तर भुवयांपासून हनुवटीपर्यंत उघडा होता. तेव्हा यातला नेमका कोणता भाग झाकला गेला आहे, अशी मी पृच्छा केली. नीट पाहण्यासाठी केळे पुढे वाकले, पण केळ्याच्या पोशाखात वाकले की वरचा देठ आधी पुढे येतो, हे त्याच्या लक्षात राहिले नसावे. देठ माझ्या कपाळाला लागला. त्याबद्दल तत्काळ क्षमा मागून केळे म्हणाले, "कान."

कान हा चेहऱ्याचा भाग आहे की डोक्याचा, असा प्रश्न मी केला. सारी हयात शाळेत घालवलेल्या आणि शेवटी मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून निवृत्त झालेल्या माणसाला असे प्रश्न आपोआप सुचतात आणि समोरचा माणूस त्यावर बहुधा हसून वाट मोकळी करून देतो. केळे हसले नाही. त्या प्रश्नावर त्याने मनापासून विचार केला, आणि मला राग आला तो याच गोष्टीचा. विचारांती ते पलीकडे उभ्या असलेल्या भोपळ्याकडे सल्लामसलतीला गेले. भोपळा म्हणजे स्वयंसेवकांचे प्रमुख असावेत. त्यांनी दुरूनच माझ्या डोक्याकडे पाहिले आणि मान हलवली. अशी मान मी स्वतः कैक पालकांपुढे हलवलेली असल्याने तिचा अर्थ मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

परत आल्यावर केळ्याने निराळाच विषय काढला. "तुम्ही कोण होऊन आला आहात?"

"आजोबा."

"कोणाचे?"

"त्या समुद्री चाच्याचे," मी मैदानात उभ्या असलेल्या नातीकडे बोट दाखवले.

केळ्याने माझ्याकडे आपादमस्तक पाहिले. पायांत मुलाचे जुने बूट, अंगात त्याचाच गुडघ्यापर्यंत येणारा कोट आणि गळ्याला मफलर असा माझा एकूण थाट होता. "फारच छान," ते म्हणाले, "पण आजोबा तर टोपीशिवायही सहज ओळखू येतील."

इतक्या गोड शब्दांत माझा एवढा अपमान अलीकडे कोणी केलेला नाही.

हा संवाद चालू असताना आमच्या दोघांच्या मधून एक पाचेक वर्षांचा मुलगा आत गेला. त्याच्या डोक्यात कुऱ्हाड रुतलेली होती आणि कपाळापासून गालापर्यंत लाल रंगाचे ओघळ आले होते. "किती गोड!" असे म्हणून केळ्याने त्याच्यासाठी फाटक जरा जास्तच उघडले. शस्त्रास बंदी असा नियम त्याच यादीत होता आणि त्या नियमाला मान देऊन माझ्या नातीने आपली प्लास्टिकची तलवार रडत रडत घरी ठेवली होती. मग ही कुऱ्हाड कशी चालते, असे मी विचारले. केळ्याने दिलेले उत्तर कोणत्याही न्यायालयात टिकेल. कुऱ्हाड हातात असती तर ते शस्त्र ठरले असते. ती डोक्यात असल्यामुळे तो पोशाखाचा भाग ठरतो.

अखेर तडजोड म्हणून टोपीचा खालचा भाग गुंडाळून कानांच्या वर न्यावा लागला आणि अशा अवस्थेत मी पाऊण तास वाऱ्यात उभा राहिलो. हा मजकूर लिहीत असताना माझा डावा कान दुखतो आहे. शाळेतल्या सगळ्या लेकरांमध्ये ज्याचा पोशाख वयाला न शोभणारा ठरला, असा मी एकटा, आणि मी सत्तरी ओलांडलेली आहे.

वयाला शोभणारा पोशाख हा विषय मला नवा होता असे नाही. चाच्याचा तो वेश आणायला मी नातीबरोबर दुकानात गेलो होतो. सप्टेंबर उजाडला की इकडे रिकाम्या पडलेल्या मोठ्या गाळ्यांत अशी दुकाने उभी राहतात आणि नोव्हेंबर लागताच नाहीशी होतात. आपल्याकडची फटाक्यांची दुकानेही अशीच येतात आणि जातात, पण ती एवढी अवाढव्य नसतात. नॅशनल रिटेल फेडरेशन या इथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने २०२३ साली या सणावर १२.२ अब्ज डॉलर खर्च होतील असा अंदाज वर्तवला होता, आणि दुकानातली गर्दी पाहता तो मला कंजुषीचा वाटला.

प्रत्येक पाकिटावर वय छापलेले असते: चार ते सहा, आठ ते दहा, बारा ते चौदा. मुलग्यांच्या बाजूला 'आठ ते दहा' या पाकिटातल्या चाच्याला विजार, लांब कोट, कमरेचा शेला आणि डोळ्यावरची पट्टी मिळते. मुलींच्या बाजूला त्याच वयाच्या पाकिटात जी चाची असते तिला मांड्या उघड्या टाकणारा झालरीचा झगा आणि पुढून नाडीने आवळलेली चोळी देतात. असल्या झग्यात जहाजाच्या शिडावर चढून दाखवावे, असे आव्हान मी त्या कारखानदाराला द्यायला तयार आहे. मुलग्यांकडे निराळीच तऱ्हा होती. चार वर्षांच्या बालकासाठी असलेल्या महावीराच्या वेशात छातीचे, दंडाचे आणि पोटाचे पीळदार स्नायू फोमचे करून आतून शिवलेले होते. दुधाचे दातसुद्धा न पडलेल्या मुलाला तालीमबाजाची छाती आणि पाढे पाठ करण्याच्या वयातल्या मुलीला आवळलेली चोळी, हे कोणत्या हिशेबाने वयाला शोभते, असे मी तिथल्या विक्रेत्या तरुणाला विचारले. त्याने पाकीट उलटेपालटे करून पाहिले आणि वय तर बरोबर छापले आहे, असे सांगून माझी समजूत घातली.

त्या आकड्याचा आणि शोभण्याचा काडीचा संबंध नाही, हे मला तिथे उमगले. तो आकडा बाहीची लांबी सांगतो. शेजारी 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असा इशारा असतो तो सुटे बारीक भाग घशात अडकतील म्हणून. या मंडळींना काळजीच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९४० च्या दशकात मुलांच्या काउबॉय पोशाखांतील केसाळ रेयॉन पेट घेऊन मुले भाजल्याची प्रकरणे इथे घडली, त्यातून पुढे १९५३ मध्ये ज्वलनशील कापडांविरुद्ध कायदा झाला, आणि आजही पोशाख सहजी पेट घेणारा नाही ना, झग्यात पाय अडकून मूल पडणार नाही ना, याबद्दल ग्राहक सुरक्षा आयोग दरवर्षी बजावत असतो. जे जळते, अडकते किंवा घशात जाते त्याची अशी चोख तपासणी होते. उरलेल्याचा निवाडा मात्र आईबाप आणि दुकानदार यांच्यावर सोडलेला आहे, आणि अपील करायचे असल्यास फाटकावर केळे उभे आहे.

अमेरिकेत १९६८ पासून चित्रपटांना वयाची प्रतवारी आहे. खूनखराबा भडक असेल तर सतरा वर्षांखालच्या मुलाला पालकाशिवाय आत सोडत नाहीत. पण त्याच चित्रपटातल्या खुन्याचा पोशाख 'चार ते सहा' या मापात मिळतो! ज्याला तो चित्रपट पाहायला आणखी डझनभर वर्षे थांबायचे आहे, त्याला त्यातला खुनी आजच होता येते. २०२१ साली 'स्क्विड गेम' ही केवळ प्रौढांसाठीची कोरियन मालिका गाजली तेव्हा प्राथमिक शाळेतली मुले मधल्या सुट्टीत तिच्यातले खेळ खेळू लागली, आणि न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळच्या काही शाळांना त्या पोशाखांवर बंदी घालावी लागली. मुले ती मालिका पाहत होती याचा अर्थ घरात कोणीतरी दूरदर्शन संच चालू ठेवून झोपले होते. त्या कोणातरीचा पोशाख कोणी तपासला नाही.

मी मूळचा गुहागरकडचा. आमच्याकडे शिमग्यात संकासुर येतो. अंगभर काळा वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. लांबून ती घुंगरे ऐकू आली की आम्ही पोरे माजघरात पळत असू आणि जो सापडेल त्याची विजार ओली होत असे. तो संकासुर गावातलाच कोणीतरी, एरवी नांगर धरणारा बाप्या माणूस असे. भीती दाखवण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि घाबरण्याचे लहानांनी, अशी ही वयानुसार केलेली रास्त वाटणी होती आणि तिच्याबद्दल दोन्ही पक्षांची तक्रार नव्हती. इथे मी पाहिले ते नेमके उलटे. लहानांच्या डोक्यात कुऱ्हाडी, गळ्यांवर कापल्याच्या खुणा, तोंडातून रक्ताचे ओघळ, आणि त्यांचे आईबाप केळे, भोपळा, मोहरीची बाटली होऊन टाळ्या वाजवत उभे. घाबरायला कोणीच शिल्लक नसल्यामुळे ते काम माझ्या माकडटोपीकडून करून घेण्यात आले असावे.

आमच्या शाळेतल्या वेशभूषा स्पर्धा काही फार शहाण्या होत्या, असा माझा दावा नाही. बालवाडीतल्या मुलाला डिंकाने मिशा चिकटवून टिळक करायचे, जन्मसिद्ध हक्काचे वाक्य त्याच्याकडून घोकून घ्यायचे आणि ऐन व्यासपीठावर तो मिशीसकट भोकाड पसरला की उत्तेजनार्थ बक्षीस द्यायचे, हे मी परीक्षक म्हणून वर्षानुवर्षे केलेले आहे. पण त्या टिळकांना फोमचे दंड लावावेत असे कोणत्याही आईला सुचले नाही, आणि परीक्षक म्हणून मला कोणी फळ व्हायला सांगितले नाही.

नातीने अर्थात मुलग्यांच्या बाजूचा वेश घेतला. पैसे देताना गल्ल्यावरच्या बाईंनी हा मुलग्यांचा असल्याची दोनदा जाणीव करून दिली. चाच्याला मुलगा असणे सक्तीचे आहे काय, असे नातीने विचारल्यावर मात्र त्यांनी गुपचूप पिशवी भरली.

संध्याकाळी दारोदार फिरणाऱ्या मुलांना चॉकलेटे वाटायला सूनबाईंनी मला दारात बसवले. टोपी पुन्हा कानांपर्यंत ओढलेली होती, कारण हे आमचे दार होते. परकऱ्या पऱ्या आल्या, एक मधमाशी आली, आणि फोमच्या छातीचा तो महावीरही आला. त्याचे दंड इतके फुगलेले होते की त्याचा हात घंटीपर्यंत पोहोचेना, म्हणून ती त्याच्या आईने वाजवली. सर्वांत शेवटी एक मुलगा आला. उंची सहा फूट, ओठांवर मिसरूड, अंगात रोजचेच टोपीचे जाकीट, हातात उशीचा अभ्रा.

"कोण झाला आहेस?" मी मुख्याध्यापकाच्या आवाजात विचारले.

"पंधरा वर्षांचा मुलगा," तो म्हणाला.

त्या दिवशी वयाला तंतोतंत शोभणारा पोशाख एवढा एकच मी पाहिला. पण शिस्तीची सवय जात नाही. व्हर्जिनियातील चेसापीक शहरात १९७० च्या नियमानुसार बारा वर्षांवरच्या मुलाने ट्रिक ऑर ट्रीट म्हणत दारोदार फिरणे हा गुन्हा होता, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती, आणि २०१९ साली त्यांनी कैद काढून टाकून मर्यादा चौदा वर्षे केली असली तरी त्या हिशेबानेही तू एक वर्षाने जास्तच आहेस, असे मी त्याला सविस्तर सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, हे न्यू जर्सी आहे असे उत्तर दिले, आणि परडीत हात घालून तळाशी मी स्वतःसाठी दडवून ठेवलेले बदामाचे मोठे चॉकलेट नेमके तेवढेच उचलून नेले.