गुळाच्या खड्याने अ‍ॅस्बेस्टॉस निघत नाही, दाजी

आमचे दाजी कळव्यात पत्र्याचं काम करतात. पावसाळ्याआधी चाळींचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे, नवे चढवायचे, वीस वर्षं हेच. या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे बारीक तंतू असतात. परवा त्यांनीच मला तो फिरता मेसेज पाठवला: अ‍ॅस्बेस्टॉसने कॅन्सर होतो ही अफवा आहे, पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस सुरक्षित, दहा वर्षांत काही झालं नाही तर पुढेही होत नाही, धोका फक्त विडी-सिगारेटवाल्यांना, आणि काम संपल्यावर गूळ खाल्ला की धूळ निघून जाते. खाली दाजींची ओळ, "उगाच घाबरवतोस."

आधी गूळच घेतो, कारण तो दाजींच्या डब्यात रोज असतो. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची गाठच पडत नाही! डोळ्यांना न दिसणारे तंतू खोलवर रुततात, काही फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचतात. त्या आवरणाचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा. गूळ खाऊन कोणाला काही होणार नाही. पण त्याच्या भरवशावर दाजी ग्राइंडरने कोरडा पत्रा कापतात, तोंडाला नुसता रुमाल. तेच कपडे ताई घरी झटकून धुते. नवऱ्याचे असे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यांनी कारखान्यात पाऊलही टाकलेलं नव्हतं.

दहा वर्षांचं म्हणाल तर हा आजार बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा उघडा पडतो. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं. दहा वर्षांत सगळं कळत असतं तर कोर्टाने 40 कशाला म्हटलं असतं?

पांढरा सुरक्षित, हेही खोटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासकट सगळे प्रकार कॅन्सरकारक ठरवले आहेत. विडीमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो, एवढं खरं. मेसोथेलिओमाला मात्र विडी लागत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. न फुटलेल्या, न झिजलेल्या पत्र्याखाली नुसतं राहिल्याने फारसे तंतू उडत नाहीत. पण दाजी पत्र्याखाली बसत नाहीत, ते तो कापतात, भोकं पाडतात, फोडतात.

दाजी, रविवारी येतो. पत्रा आधी पाण्याने भिजवायचा, बोल्ट काढून अख्खा उतरवायचा, ग्राइंडर लावायचा नाही. बारीक धूळ अडवणारा, घट्ट बसणारा मास्क मी आणतोय. ताईला सांगितलंय, कामाचे कपडे झटकायचे नाहीत.