आयसीडी असलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो?

आयसीडी म्हणजे हृदयाचे ठोके धोकादायक बिघडले की विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं, छातीत बसवलेलं छोटं यंत्र. ‘छातीत आयसीडी आहे त्याच्या शेजारी झोपू नका, तुम्हालाही झटका बसेल’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. यंत्र झटका देत असताना हात लागलेला असला, तर फार तर मुंग्या आल्यासारखं वाटतं. इजा होत नाही. रुग्ण बेशुद्ध पडून श्वास थांबला तर १०८ ला फोन लावा आणि बिनदिक्कत छाती दाबायला घ्या. एकच झटका बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. २४ तासांत २ किंवा जास्त झटके म्हणजे थेट रुग्णालय.

कधी झोपेत झटका बसल्याचा भास होतो, यंत्राच्या नोंदीत मात्र काहीच नसतं. ही नाटकं नव्हेत. तपासणीत तेही सांगावं, भीतीवरही उपचार असतात. जोडीदार मेसेज वाचून वेगळ्या खोलीत गेला, तर ही भीती वाढणारच.